अर्ध्या अंशाचा कौल

निवतळच्या चुंबकी पट प्रयोगशाळेत त्या सकाळी चार माणसं आणि एक यंत्र होतं. चौघांपैकी तिघांचा यंत्रावर भरवसा नव्हता. चौथे डॉ. मुकुंद औटी. त्यांचा होता, पण यंत्र त्यांनीच बांधलेलं, तेव्हा ते मत सुगंधाबाई गुरव हिशेबात धरत नसत.

सुगंधाबाई प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. दाराशी हजेरीचं यंत्र होतं, तरी त्या स्वतःची नोंदवही ठेवत. कोण आलं, किती वाजता, कधी बाहेर गेलं, कधी परतलं. शेवटचा रकाना शेऱ्याचा. "यंत्राला माणूस आत गेलेला कळतो," त्या म्हणायच्या, "तोंड पाडून गेला की घाम पुसत गेला, ते कुठे कळतं?" औटी सर यावर हसत, आणि नोंदवहीत आपल्या नावापुढे काय शेरा आहे ते मान तिरकी करून बघत.

आज शेऱ्याचा रकाना लवकर भरणार होता. बाकावर एका टोकाला खारवाडीचे बाबल तांडेल बसले होते, दुसऱ्या टोकाला माडवाडीचे तात्या परब. मध्ये तिसरा माणूस ऐसपैस बसला असता एवढी जागा दोघांनी राखली होती.

भांडण साधं होतं. समुद्र वीस वर्षांत हातभर वर आला होता. जिल्ह्याने निवतळसाठी दगड मंजूर केला तो एका बांधापुरता. बांध खारवाडीपुढे घातला तर माडवाडीने उठून वर सड्यावर, उघड्या कातळावर जायचं. माडवाडीपुढे घातला तर खारवाडीने. खाडीच्या तोंडावर आडवा एकच बांध घातला असता तर त्याच दगडात दोन्ही वाड्या वाचल्या असत्या, आणि हे गावात प्रत्येकाला ठाऊक होतं. पण त्यासाठी खारवाडीला मासळी सुकवायचं वाळवण सोडावं लागलं असतं आणि माडवाडीला पुढच्या दोन रांगा माड. जो आधी बोलेल त्याने आधी दिलं असं होणार, म्हणून कुणी बोललं नाही.

ग्रामसभेत हात वर झाले. दोनशे बारा विरुद्ध दोनशे बारा. सुगंधाबाईंनी तेव्हा हात मोजले नव्हते, माना मोजल्या होत्या. हात वर करण्याआधी प्रत्येकाने डावी-उजवीकडे बघून घेतलं होतं.

मग कुणी म्हणालं, देवाला कौल लावूया. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने पाकळ्या चिकटवायच्या, उजवी आधी पडली तर एक, डावी पडली तर दुसरं. निवतळात गाय विकण्यापासून सोयरीक जुळवण्यापर्यंत सगळं असंच ठरलेलं. पण पाकळ्या लावणारा गुरव म्हणजे सुगंधाबाईंचा भाऊ, आणि त्याचं घर माडवाडीत. खारवाडी उठून उभी राहिली.

तेव्हा औटी सर बोलले. घाटावरचा माणूस, गावात अकरा वर्षं राहून ग्रामसभेत पहिल्यांदा बोलला. "माझ्याकडे एक गुरव आहे," ते म्हणाले, "ज्याला वाडीच नाही."

तो गुरव आता काचेमागे होता. वर्धनकक्ष म्हणजे दिसायला स्टीलचा डबा. आत एकमेकींसमोर दोन उभ्या भिंती, मधली फट केसाहूनही बारीक.

"सर, ह्या यंत्र कोणाच्या बाजूचा?" बाबलनी विचारलं.

"डावी भिंत तुमच्या बाजूची. उजवी तात्यांच्या."

"मगे ता आपापल्या बाजूनच बोलतला!" तात्या म्हणाले.

"बोलेल ना. दोन्ही सारख्याच जोराने." औटी सरांनी बोटाने हवेत फट काढून दाखवली. "या फटीत खालून वर पट वाढतो. लोहाचे कण येतात आणि थरावर थर बसतो, अर्ध्या मिनिटाला एक. प्रत्येक कण म्हणजे इवलासा चुंबक. बसताना त्याने एकच ठरवायचं, तोंड उत्तरेला करायचं की दक्षिणेला. डावी भिंत सांगते उत्तर, उजवी सांगते दक्षिण. पण भिंत लांब असते. कण मुख्यतः बघतो शेजाऱ्यांकडे. शेजारी जिकडे, तिकडे तो."

"ग्रामसभेसारखा," बाबल म्हणाले.

"एक फरक आहे. ग्रामसभेत माणूस नंतर फिरतो. इथे एकदा बसलेला कण बसला. पुढचे थर काहीही करोत, खालचा थर बदलत नाही. बरणीत मिठाचे आणि कैरीचे थर रचावेत तसा सगळा दिवस त्यात रचलेला राहतो. म्हणून मी तापमानाचं नोंदयंत्रही लावलेलं नाही. पट हीच नोंद."

"आणि निकाल?"

"उत्तरवाल्यांचा एक प्रदेश होतो, दक्षिणवाल्यांचा एक. मध्ये दुभंगरेषा. ती कुठे उभी राहते, एवढाच प्रश्न. अळवाच्या पानावर पाणी कसं गोळा होऊन राहतं? पान भिजत नाही. तेच पाणी पाटीच्या दगडावर पसरतं. थंड पटात भिंत अळवाच्या पानासारखी वागते, भिजत नाही. दुभंगरेषा कुठल्यातरी एका भिंतीला जाऊन चिकटते आणि बाकी सगळा पट एका बाजूचा होतो. कुठल्या, ते पहिल्या थरांतल्या नशिबावर. ते मलाही ठाऊक नसतं. शेवटचे शंभर थर कापून बघायचे. पांढरे दिसले तर माडवाडी, काळे तर खारवाडी."

"आनि गरम पटात?" हे तात्यांनी विचारलं, खिडकीबाहेर बघत, सहज विचारल्यासारखं.

"त्रेचाळीस अंश हा भिजणबिंदू. तिथपासून वर भिंती भिजतात. दोन्ही बाजू आपापल्या भिंतीवर पसरतात आणि दुभंगरेषा भिंत सोडून मधोमध येते. अर्धं काळं, अर्धं पांढरं. निकालच नाही. म्हणून आपण एक्केचाळीसवर वाढवायचं. दोन अंश राखून." त्यांनी कक्षाच्या कडेची पितळी खुंटी दाखवली. तिच्यावर आकडे नव्हते. ती फिरली की टिच्च वाजायची, एका टिचकीला अर्धा अंश. "आज हिला कुणी हात लावायचा नाही."

"म्हणजे चार टिचक्ये," बाबल म्हणाले.

"चार."

चौघांनी खुंटीकडे बघितलं. सुगंधाबाईंनी मनात मोजले. चौघांनीच. सरांनीसुद्धा.

करारनामा भिंतीवर लावलेला होता. त्यात औटी सरांनी एक कलम घातलं होतं, जे वाचून दोन्ही वाड्या हसल्या होत्या: पट दुभंगला तर दोन्ही वाड्यांनी आठ दिवसांत एकत्र बसून एकच आराखडा द्यावा, न दिल्यास दगड दुसऱ्या गावाला जाईल. एक्केचाळीस अंशांवर पट दुभंगत नाही, हे चाळीस चाचण्यांत दिसलं होतं. शोभेचं कलम.

साडेआठला वाढ सुरू झाली. सर कक्षाच्या तापमापीपाशी वाकून म्हणाले, "एक्केचाळीस पूर्णांक शून्य," आणि ती काढून ठेवली. सुगंधाबाईंनी लिहिलं, ४१.०.

मग दिवस गेला तसा गेला. वाढणाऱ्या पटात बघण्यासारखं काही नसतं. बाबल आणि तात्या एकमेकांवर पहारा ठेवत बसले, पण पहाऱ्यालाही तंबाखू लागते, फोन येतो. दहा-पस्तीसला तात्यांना मुंबईहून मुलाचा फोन आला, ते आवाराबाहेर गेले. त्याच वेळी जनरेटर खोकला म्हणून सर आणि सुगंधाबाई मागे धावले. दहा मिनिटांत सगळे परत. सगळं वहीत.

एक वाजून पाच मिनिटांनी पुरुषमंडळी जेवायला व्हरांड्यात बसली आणि सुगंधाबाई आत एकट्या राहिल्या.

त्या खुंटीसमोर उभ्या राहिल्या. त्यांना त्यांचे आबा आठवत होते. आबांनी चाळीस वर्षं देवाला पाकळ्या लावल्या. गावाला वाटे, पाकळी देव पाडतो. आबांना ठाऊक होतं, पाकळी पडते ती सुकली की. दोन भाऊ घराची वाटणी मागायला आले आणि दोघांचे डोळे सुजलेले दिसले, की आबा बोटं पाण्यात खोल बुडवायचे. चांगली ओली लावलेली पाकळी दिवस मावळेपर्यंत खांदा सोडत नसे. मग आबा हात जोडून म्हणायचे, "देव आज बोलणा नाय. घराक जावा, आनि आपसात बोला." बहुतेक लोक बोलायचे.

आज पट पांढरा निघाला असता तर सुगंधाबाईंचं घर वाचलं असतं, आणि खारवाडीतल्या ज्या बायकांबरोबर त्या शाळेत गेल्या होत्या त्यांनी चुली सड्यावर नेल्या असत्या. काळा निघाला असता तर उलट. दोन्हीकडे त्यांना स्वतःचं तोंड दाखवायला जागा दिसत नव्हती.

त्यांनी खुंटीवर बोट ठेवलं. टिच्च. चार हव्या होत्या. दुसरीसाठी बोट वळतंय तोच तात्यांच्या चपलांचा आवाज आला आणि सुगंधाबाईंनी हात पदराला पुसला.

एका टिचकीने काही होत नाही, हे त्यांना तीस वर्षांच्या नोकरीने माहीत होतं. पाप पदरात पडलं, आणि फळ मात्र शून्य. त्यांनी वहीत स्वतःच्या नावापुढे लिहिलं: '१.०५ ते १.१५, एकटी.' शेरा कोरा ठेवला.

तीनच्या सुमारास त्या चहा करायला गेल्या, सरांना कार्यालयातून बोलावणं आलं, बाबल तंबाखू मळायला मागच्या पायरीवर. साडेचारला वाढ थांबली. नऊशे साठ थर. सरांनी शेवटचे शंभर कापून, उत्तर काळं आणि दक्षिण पांढरं दाखवणाऱ्या ध्रुवदर्शीखाली ठेवले आणि भिंतीवरचा पडदा उजळला.

डावीकडे काळं. उजवीकडे पांढरं. मधोमध वाकडीतिकडी रेघ, कुणी शिंपल्याने वाळूत ओढावी तशी.

"ह्या काय?" तात्यांनी विचारलं.

"दुभंग," औटी सर म्हणाले. 

सुगंधाबाईंनी चेहरे वाचले. माणूस हरला की त्याच्या चेहऱ्यावर काय येतं, जिंकला की काय, ते त्यांना पाठ होतं. इथे यातलं काहीच नव्हतं. तिघेही चकित होते, पण जरा जास्तच चकित. आणि एकही जण रागावलेला नव्हता.

"कलम काय म्हणता?" बाबलनी हळू विचारलं. कलम त्यांना तोंडपाठ होतं.

"आठ दिवस."

"मगे बसाक व्हया," तात्या बाकाच्या मधल्या जागेकडे बघत म्हणाले. "इलाज नाय. यंत्रानच सांगल्यान."

आता कुणालाच आधी बोलायचं नव्हतं, कारण यंत्र बोललं होतं. सहाव्या दिवशी आराखडा जिल्ह्याला गेला. खाडीच्या तोंडावर आडवा एकच बांध, वाळवण गेलं, दोन रांगा माड गेले. दोन्ही वाड्यांच्या सह्या होत्या. सुकी मासळी टांगायला जागा म्हणून माडवाडीने आपल्या मागच्या माडांत दोऱ्या बांधू दिल्या, हे आराखड्यात नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी औटी सरांनी सुगंधाबाईंना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. जिल्ह्याला पटाचा पूर्ण अहवाल जायचा होता, म्हणून त्यांनी उरलेले आठशे साठ थर ध्रुवदर्शीखाली घातले होते.

"बघा."

पट तळापासून जवळजवळ सगळा पांढरा होता. डाव्या भिंतीलगत तेवढी काळी किनार, लुगड्याच्या काठासारखी.

"म्हणजे माडवाडी जिंकत होती," सुगंधाबाई म्हणाल्या.

"पहिल्या थरापासून. आता काठ बघा. दोनशे साठाव्या थराला एकदम रुंद होतो. पाचशे साठाव्याला आणखी. आणि सातशे ऐंशीनंतर भिंत सोडून मधे निघून जातो. तीन पायऱ्या. तीनदा कुणीतरी खुंटी फिरवली." त्यांनी चष्मा काढला. "बाई, मी चाळीसही चाचण्या परत तपासल्या. हे आपोआप होत नाही. मला अहवालात लिहावं लागेल की पटाला हात लागला. तसं लिहिलं की निकाल रद्द, आराखडा रद्द, नव्याने पट लावा. तुम्ही तीनदा फिरवलीत?"

"एकदा."

सरांनी नजर वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर सुगंधाबाईंना राग दिसला नाही. दिसली ती सुटका, आणि ती त्यांनी लक्षात ठेवली.

"एकदाच, सर. मधली. एक वाजून दहा मिनिटं. साडेआठपासून दोनशे ऐंशी मिनिटं, म्हणजे पाचशे साठावा थर. माझी सही आहे तिथे." त्यांनी नोंदवही उघडली. "दोनशे साठावा थर म्हणजे दहा-चाळीस. त्या वेळी तात्या फोनवर, तुम्ही आणि मी जनरेटरपाशी. आत बाबल. सातशे ऐंशीवा म्हणजे तीन. मी चहाला, तुम्ही कार्यालयात, बाबल तंबाखूला. आत तात्या."

"तात्या? अहो, तात्या जिंकत होते!"

"त्यांना कुठे ठाऊक होतं? आपल्यालाही नव्हतं. पट कापल्याशिवाय दिसत नाही, तुम्हीच सांगितलंत." सुगंधाबाईंना हसू आवरेना. "तरीच! साक्षीदार म्हणून आले, आणि तिघांनी चोरून एकेक टिचकी मारली. प्रत्येकाला वाटलं, आपल्या एकट्याच्या अर्ध्या अंशाने काय होणार. आणि निकाल बघून प्रत्येकाला वाटलं, अरे, आपल्या एकट्याच्या अर्ध्या अंशाने केवढं झालं!"

औटी सर हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत राहिले. "असं म्हणता? तीन माणसं. मग तर... मग हे सगळं जुळतं."

"नाही ना जुळत."

"का?"

सुगंधाबाईंनी वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने मांडलं, शाळेत मांडतात तसं, एकाखाली एक. "भिजणबिंदू त्रेचाळीस. सुरुवात एक्केचाळीस. तीन अर्धे म्हणजे दीड. झाले साडेबेचाळीस. भिंत अजून अर्धा अंश सुकीच आहे, सर. काठ रुंद होईल, पण भिंत सोडणार नाही. चौथी टिचकी हवी."

"पटात चौथी पायरी नाही," सर घाईने म्हणाले. "तीनच आहेत. मोजा."

"मोजल्या. पायरी दिसते ती मध्ये काही बदललं तर. जे पहिल्या थराच्याही आधी झालं, त्याची पायरी कशी दिसणार? ते तळातच गेलं." त्या उठून पडद्यापाशी गेल्या आणि अगदी खाली, जिथे पट सुरू होतो तिथे काठावर बोट ठेवलं. "चाळीस चाचण्या मी माझ्या हाताने लावल्या. एक्केचाळीसवर काठ तीन कणांचा येतो. हा पहिल्या थरापासून पाच कणांचा आहे."

सर वाकून काठ मोजू लागले. बाहेर कुणीतरी दगडाच्या गाड्या कुठे उतरवायच्या ते ओरडून विचारत होतं.

सुगंधाबाईंनी वहीचं पान मागे उलटलं. आठ वाजून पाच मिनिटं. त्या ओळीत एकच नाव होतं. बाकीचे सव्वाआठनंतर आले होते. शेऱ्यात लिहिलं होतं: 'घाम पुसत.' त्यांनी ते वाचून दाखवलं नाही. वही फक्त सरांच्या बाजूला सरकवली.

"तुम्ही एक्केचाळीस पूर्णांक शून्य म्हणालात, मी ते लिहिलं," त्या म्हणाल्या. "तापमापी मी बघितली नव्हती."

औटी सरांनी पुष्कळ वेळ चष्मा पुसला. "अकरा वर्षं राहतोय इथे," शेवटी ते म्हणाले. "बाबलच्या होडीतून फिरतो, तात्यांच्या घरचं जेवतो. मला वाटलं, अर्ध्या अंशाने काही होणार नाही. तरी... थोडी जागा राहील. मग ते दुभंगलं आणि आठ दिवस मला झोप नाही. म्हटलं, भिजणबिंदूच चुकीचा मोजलाय."

"मलाही तेच वाटलं. बाबल-तात्यांनाही वाटत असणार. ते देवाला नारळ देऊन मोकळे झाले असतील."

"मग आता अहवालात काय लिहू? खोटं लिहिणार नाही मी."

"खोटं कशाला? लिहा, वाढीआधी व वाढीच्या काळात मिळून तापमान चार वेळा प्रत्येकी अर्धा अंश वाढवलं गेल्याने भिजणबिंदू गाठला गेला. हे खरंच आहे." सुगंधाबाईंनी कागद पुढे ओढला आणि स्वतःच लिहायला घेतलं. "कारणाच्या रकान्यात मी लिहिते."

"काय?"

त्यांनी ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात लिहितात त्या वळणाने लिहिलं: 'खारवाडी, माडवाडी व प्रयोगशाळा यांच्या सर्वानुमते.'

सरांनी ते दोनदा वाचलं. निवतळच्या इतिहासात हा शब्द आजवर कुठल्याच ठरावाखाली आलेला नव्हता.

"ठराव म्हटला की सूचक आणि अनुमोदक लागतात," सुगंधाबाई पेन उचलून धरत म्हणाल्या. "अनुमोदक तीन आहेत, थरांसकट. सूचक कोण लिहू, सर?"

औटी सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, पडद्यावरच्या पटाच्या तळाकडे एकदा बघितलं आणि सहीसाठी हात पुढे केला.